कड्यावरची उशी

१२ ऑगस्ट

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. आपण मला ओळखत नाही. मी 'पाली'ची भाची, तिच्या धाकट्या भावाची मुलगी. घरी तिला कोणी पाल म्हटलेलं माझ्या आईला खपत नाही. पण गिर्यारोहण मंडळात सगळे तिला त्याच नावाने ओळखतात, असं तिथल्या सचिवांनी सांगितलं. कड्याला चिकटून वर जाणाऱ्या बाईला याहून नेमकं नाव कुठून मिळणार? आपल्याला 'खिळा' म्हणतात हेही त्यांच्याकडूनच कळलं. आत्या वर चढायची आणि आपण खाली दोर धरून ठोकल्यासारख्या उभ्या राहायच्या, म्हणून. आपण फोन उचलत नाही, पत्राला मात्र उत्तर देता, असं ते म्हणाले. म्हणून हे पत्र.

विषय असा आहे. आत्याला जाऊन जानेवारीत वर्ष होईल. त्या दिवशी काळ्या कड्याच्या पायथ्याशी तिच्या नावाची दगडी पाटी बसवायची, असं मंडळाने ठरवलं आहे. मजकूर मी लिहिला आहे: 'या कड्याची सरळ वाट सर करणारी पहिली स्त्री.' तिची दोरावरची जोडीदार म्हणून आपली संमतीची सही लागेल.

हे माझ्यासाठी किती महत्त्वाचं आहे ते सांगते. आमचा गाद्या-उशांचा धंदा. घरातली पहिली पदवीधर मी, आणि ती पदवी आत्याने अक्षरशः मानगुटीवर बसून माझ्याकडून पुरी करून घेतली. आता मी शाळेत विज्ञान शिकवते. आत्या आजारी असताना भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना दारात चपला घालता घालता म्हणायचा, आयुष्यभर दगड चढली, शेवटी हातात काय आलं? मला त्या प्रत्येकाला त्या पाटीपुढे नेऊन उभं करायचं आहे.

सोबत कागद जोडला आहे. खाली सहीची जागा दाखवली आहे.

आपली नम्र,
पालीची भाची


२१ ऑगस्ट

कागद परत पाठवते आहे. सही करणार नाही.

कारण सरळ आहे. ती वाट तुझ्या आत्याने चढलेली नाही. कोणीच चढलेलं नाही. कड्याच्या मध्यावर एक ओटा आहे, तिथवर आम्ही किती वेळा गेलो त्याला गणती नाही. ओट्याच्या वर कडा पोट काढल्यासारखा बाहेर येतो. त्या पोटाखालून ती दर वेळी सुटायची, दोरावर लटकायची, शिव्या द्यायची, आणि मी तिला खाली घ्यायची. म्हणून मंडळात त्या वाटेला 'अर्धी' म्हणतात. ते काही नाव नव्हे. आमच्यात रीत अशी आहे की खालून वरपर्यंत, दोराला न लटकता जो पहिला जाईल, तो वाटेचं नाव ठेवतो. तोवर वाट बिननावाची. सचिव नवा आहे. त्याला कड्यापेक्षा पाटी जास्त आवडते.

एकदा एका स्पर्धेत पंचांची नजर चुकली आणि तिला पहिलं काढलं. ही मंचावर गेली, माइक हातात घेतला आणि म्हणाली, माझा पाय जमिनीला लागला होता, त्या दुसरीला बोलवा. सगळे टाळ्या वाजवायचे थांबले. घरी येताना मला म्हणाली, फुकटचं बक्षीस ठेवायला माझ्याकडे कपाट नाही.

तिला मेल्यावर फुकटचं बक्षीस देऊ नकोस.

आणि मला 'बाई' म्हणू नकोस. मी दातांच्या कवळ्या बनवते, शाळेत शिकवत नाही.

खिळा


२ सप्टेंबर

बाई,

'बाई'च म्हणते, कारण दुसरं काही म्हणण्याइतकी आपली ओळख नाही.

आपलं म्हणणं रीतीला धरून असेल. पण रीत सांगणाऱ्या माणसाने निदान एकदा आमच्या घराची पायरी चढायला हवी होती. आत्या चार वर्षं आजारी होती. डोक्यात गाठ. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा कड्यावर गेली, ते आपल्याला माहीत असेलच. दुसरीनंतर शब्दांची अदलाबदल व्हायला लागली. चहाला 'दोर' म्हणायची. बाबा तिला 'ताई' म्हणतात, तर ती बाबांनाच 'ताई' म्हणून हाक मारायची आणि मग स्वतःच हसत सुटायची. पुढे बोलणं गेलं. वही-पेन दिलं तर नुसत्या रेघा उमटायच्या. शेवटचे काही महिने ती दुकानामागच्या खोलीत पलंगावर होती. भिंतीपलीकडे कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर घरघरायचं.

हात तेवढे चालायचे. रोज संध्याकाळी मी शाळेत शिकवून आले की ती उताणी पडल्या पडल्या हात उचलायची, हवेत काही चाचपायची, दाबायची, पांघरुणाखाली गुडघा वर घ्यायची, मान वळवायची. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात हातपाय आपोआप हलतात. बाबा तिचे हात धरून छातीवर ठेवायचे, ती झटकून टाकायची. मला ते बघवेना. मग मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तिच्यासारखंच करायला लागले, बालवाडीतल्या नाचासारखं. तिला ते आवडायचं. माझं चुकलं की भुवया उडवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

मध्येच ती अंथरुणावर बाजूला हाताने थापट्या मारायची. कूस दुखत असेल म्हणून बाबा तिथे उशी ठेवायचे. ती ढकलून द्यायची. बाबांना वाटायचं, उशी टणक झाली. ते मऊ शिवून आणायचे. मग बारीक, मग लांब, मग अर्धचंद्रासारखी. उभा जन्म उशा शिवण्यात गेलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. शेवटी शेवटी पलंगावर आत्यापेक्षा उशांनाच जास्त जागा लागत होती.

आम्ही हे सगळं पाहिलं. तुम्ही कुठे होतात? तीस वर्षांची जोडीदार एकदाही आली नाही. जे आले नाहीत त्यांनी तिच्या वतीने खरं-खोटं ठरवू नये.

पाटी तुमच्या सहीशिवाय लागेल.

भाची


२९ सप्टेंबर

मुली,

तुझं पत्र आलं तेव्हा मी साच्यात मेण ओतत होते. ते तसंच थिजून गेलं. एका आजोबांना कवळीसाठी आणखी आठवडाभर पेज प्यावी लागली, त्याचं खापर मी तुझ्यावर फोडलं आहे.

मी का आले नाही ते आधी सांगते. तिचा शेवटचा फोन आला तेव्हा तिला शब्द सापडत नव्हते. एकेक शब्द खिशातून शोधून काढावा तसा काढत होती. तरी एक वाक्य तिने नीट जमवलं. म्हणाली, "वर पोचलीस की ये. आधी आलीस तर दार उघडणार नाही." दोरावर ती सांगेल ते मी ऐकायची, ती माझी सवय. मी तेही ऐकलं. दर रविवारी मंडळातल्या कोणाच्या तरी हातात दोर देऊन मी अर्धीवर जायची आणि पोटाखालून पडायची. एवढा वेळ वर पोचायला मिळेल असं वाटत होतं. मग जानेवारीत बातमीच आली. तेव्हापासून फोन उचलत नाही, कारण तो तिचा नसतो.

आता नीट वाच. आम्ही चढणारी माणसं कड्याला हात लावायच्या आधी वाट हवेत चढतो. बसमध्ये, रांगेत, जेवताना. डोळे मिटायचे आणि हात हलवायचे: इथे बोटं, इथे टाच, इथे मान वळव. लोक हसतात. तुझी आत्या एकदा बँकेत अशी हात हलवत उभी होती तर वॉचमनने तिला बाहेर काढलं होतं.

तिचे हात आपोआप हलत नव्हते असं मला वाटतं. शब्द गेले. कडा गेला नसावा.

तो नाच मला लिहून पाठव. काही गाळू नकोस. सजवू तर मुळीच नकोस.

खिळा


६ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

आता मावशी म्हणते. मागच्या पत्रातलं शेवटचं पान फाडून टाकाल तर बरं होईल.

पत्र वाचून मी खोलीचं दार लावलं आणि नाच करून पाहिला. परीक्षेतलं निम्मं विसरले आहे, पण यातलं काही विसरले नव्हते. मध्येच आईने दार ढकललं. एक हात छताकडे आणि एक पाय टेबलावर असलेली मुलगी तिला दिसली. तिने दार परत लावून घेतलं आणि बाहेर बाबांना म्हणाली, ही पण.

तर असं आहे. उजवा हात वर. दोन बोटं आत खुपसल्यासारखी, बाकीची मिटलेली. डावा हात वर जातच नाही. तो खाली, कमरेजवळ, तळवा जमिनीकडे करून दाबायचा, ओट्यावरून उठताना दाबतो तसा. इथे ती खूप वेळ थांबायची, ओठ घट्ट मिटून. मग डावी टाच वर, थेट त्या तळव्याशेजारी. पांघरूण तंबूसारखं व्हायचं. मग मान डावीकडे, पूर्ण. खांदाही वळायचा, जणू कोणी मागून हाक मारली. आणि मग तो दाबलेला डावा हात सोडून डोक्यावरून मागे, लांब. तिथे मूठ मिटायची. मूठ मिटली की ती हसायची. दर वेळी.

मावशी, ही खरंच वाट असेल का? सचिवांना मी पाटी थांबवायला सांगितलं आहे. ते म्हणाले, दगड घडवायला गेला आहे. अक्षरं कोरायची तेवढी बाकी आहेत. जानेवारीच्या आत काही घडलं तर सांगा, नाहीतर ठरलेला मजकूर कोरू.

तुमची,
भाची


१९ ऑक्टोबर

मुली,

नाही जमलं.

उजव्या हाताला पोटाखाली दोन बोटांची खाच मिळाली. ती आम्हाला आधीपासून ठाऊक होती, पण नेमकी दोनच बोटं, म्हणून माझी खात्रीच पटली. डावा तळवा खाली दाबला. दाबायला काही नव्हतंच. काचेसारखा गुळगुळीत दगड. पुन्हा गेले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा दोर धरणाऱ्या मुलीने काळजीने विचारलं, मावशी, वर काही शोधताय का?

काही वेळा माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसतं. मला दिसलं. तुला आशेला लावलं, त्याचं वाईट वाटतं. डॉक्टरांचं बरोबर असेल.

पाटीला तरी माझी सही मिळणार नाही.

खिळा


२७ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुम्ही पडलात, लागलं का, ते लिहिलंच नाहीत. लिहा.

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते नव्या गादीला टाके घालत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, नाचत होती असं समजू. सुई मात्र हातातच राहिली.

मला एवढंच म्हणायचं आहे की मूठ मिटली की ती हसायची. आजाराने हात हलतील, हसू कसं येईल? ते वेळेवर, त्याच जागी, दर वेळी कसं येईल? मी विज्ञान शिकवते. पुन्हा पुन्हा तेच घडत असेल तर त्याला योगायोग म्हणू नका, असं मुलींना मीच सांगते. चूक तिची नाही. चूक आपल्यापैकी कोणाची तरी आहे, आणि ती सापडेपर्यंत मी सचिवांना अक्षरं कोरू देणार नाही.

भाची


९ नोव्हेंबर

मुली,

चूक तुझी आहे. शाबास.

काल दवाखान्यातून एक दात परत आला. सुरेख बनवला होता, पण बाजू चुकलेली. तिथली नवी मुलगी पेशंटसमोर उभी राहिली, तिच्या स्वतःच्या उजव्या हाताला जो दात दिसला त्यापुढे तिने 'उजवा' लिहिलं. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येक जण एकदा करतो. समोर उभं राहून पाहिलं की त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. मी त्या मुलीवर तोंडसुख घ्यायला फोन उचलला, हो, उचलला, आणि नंबर फिरवता फिरवता थांबले.

तू कुठे उभी होतीस? पलंगाच्या पायथ्याशी. तूच लिहिलं आहेस. तिच्या समोर. तिने डावा हात उचलला की तू आरशासारखा उजवा उचलायचीस.

आज रविवार. सकाळी त्याच खाचेत डावी बोटं घातली आणि उजवा तळवा खाली दाबला. तिथे, कमरेच्या उंचीवर, नारळाच्या पाठीएवढा एक फुगवटा आहे. त्यावर आम्ही कधी पाय ठेवला नाही, कारण निसरडा. हात ठेवायचं तर डोक्यातही आलं नाही. आम्ही दोघी आयुष्यभर वर काय सापडतंय ते शोधत होतो. ती पलंगावर पडली तेव्हा तिला खाली दाबायचं सुचलं. टाच वर आली. मान वळवली. कड्याकडे पाठ आणि समोर सगळं उघडं आभाळ, अशी मी वाटेत कधी उभी राहिले नव्हते. उजवा हात मागे टाकला आणि मूठ मिटली.

मी हसले. दोर धरणारीला वाटलं मला चक्कर आली.

पण ही चढाई धरायची नाही. त्याआधी दोनदा दोरावर लटकून दम घेतला होता. खालून वरपर्यंत एका दमात जायचं बाकी आहे.

आता दुसरी गोष्ट. ती बाजूला थापट्या मारायची ना? कूस दुखत नव्हती. कड्याखाली वाट शिकवताना आम्ही कधी समोरासमोर उभ्या राहत नाही. खांद्याला खांदा लावून, दोघींची तोंडं कड्याकडे, म्हणजे डावं ते डावं राहतं. ती तुला सांगत होती, समोर नको, इथे ये. माझ्या बाजूला येऊन पड.

आणि तुम्ही तिथे उशी ठेवलीत.

रडून झालं की दोर धरायला शिक. मला खाली कोणीतरी उभं राहायला हवं आहे, आणि त्या जागेवर मी परक्या माणसाला उभं करणार नाही.

खिळा


२३ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

रडले. मग बाबांना सांगायचं धाडस गोळा करायला दोन दिवस घेतले. मला वाटत होतं, उशीचं ऐकून ते कोसळतील.

ते दुकानात होते. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि मागच्या खोलीत गेले. बराच वेळ झाला तशी आई आणि मी डोकावलो. त्यांनी पलंगावरच्या सगळ्या उशा खाली काढून भिंतीशी रचल्या होत्या आणि स्वतः रिकाम्या जागेवर, एका कडेला, उताणे पडले होते. आम्हाला पाहून म्हणाले, मावतं की गं दोन माणसांना आरामात. मग डावा हात वर केला. दोन बोटं. मावशी, त्यांना सगळं येतं. रोज संध्याकाळी ते दारात उभे राहून बघत असत, हे मला माहीतच नव्हतं.

मी त्यांच्या बाजूला जाऊन पडले आणि आम्ही दोघांनी मिळून ती वाट चढली. आई दारातच उभी होती. म्हणाली, आता मला एकटीलाच वेडं नाही म्हणून दवाखान्यात न्या.

मंडळाच्या शिक्षकांकडे दर शनिवारी दोर धरायला शिकते आहे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, हात कधीच सोडायचा नाही, बाकी सगळं चुकलं तरी चालेल. मला हे जमेल असं वाटतं. आमच्या घरात कोणी हात सोडलेला नाही. चुकीच्या जागी धरला असेल एवढंच.

जानेवारीत सुटीच्या दिवशी येते. बाबाही येणार म्हणतात. त्यांना नको म्हणून पाहिलं. ऐकत नाहीत.

भाची


१२ जानेवारी

प्रिय मावशी,

काल तुम्ही वर होतात. खाली काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

बाबा टेम्पो भरून जुन्या गाद्या घेऊन आले, ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही चढायला लागल्यावर सचिवांनी त्यांना समजावलं की एवढ्या उंचीवरून पडल्यास गादीचा काही उपयोग नसतो, त्यासाठीच दोर असतो. बाबा म्हणाले, तुमचा दोर तुम्ही बघा, माझ्या गाद्या मी बघतो. आणि कड्याच्या पायथ्याशी गादीला गादी लावत राहिले. तेव्हा आठवलं, आत्या दुकानातल्या टाकाऊ गाद्या अशाच उचलून आणायची, खालच्या दगडांवर सराव करताना टाकायला. बाबा प्रत्येक वेळी कटकट करायचे आणि प्रत्येक वेळी स्वतः बांधून द्यायचे.

ओट्यापर्यंत तुम्ही इतक्या सहज गेलात की मला माझं काम सोपं वाटायला लागलं. मग तुम्ही पोटाखाली शिरलात आणि दोर माझ्या हातात जिवंत झाला. वर तुमचं फक्त बूड दिसत होतं, माफ करा, पण खरं तेच. शिक्षक माझ्या मागे उभे होते. त्यांनी हळूच सांगितलं, श्वास घे, तू घेत नाहीयेस.

तुम्ही डावी बोटं खाचेत घातलीत आणि थांबलात. आत्या थांबायची तिथेच. मंडळातली ती सगळी पोरं, चहावाला, सचिव, कोणी हलत नव्हतं. तुमचा पाय थरथरायला लागला. मला ओरडून सांगायचं होतं, पण दोरावरून लक्ष हलवता येईना. आणि माझ्या शेजारी बाबा. मान वर, डावा हात आभाळात, दोन बोटं पुढे, उजवा तळवा कमरेशी, गाद्यांच्या मधोमध उभे. ज्या माणसाने तिचे हात धरून खाली ठेवले होते, तो. एकदम ओरडले, "दाब, ताई, दाब."

तुम्ही दाबलंत.

टाच वर गेली, मान वळली, आणि एक क्षणभर तुमचा चेहरा आम्हाला दिसला. मग हात मागे गेला आणि मूठ मिटली. पुढचं मला नीट दिसलं नाही. शिक्षक सांगतात, तू अगदी वेळेवर दोर सोडत होतीस. मला काही आठवत नाही. वरून तुमची हाक आली तेव्हा बाबा खाली बसले, स्वतःच्याच गादीवर, आणि हसायला लागले. मग सगळेच. सचिव तर इतके हसत होते की त्यांनी बाबांना मिठी मारली आणि म्हणाले, गाद्या राहू द्या हो, शोभा आहे.

मी पाठीमागच्या पायवाटेने धापा टाकत वर आले तेव्हा तुम्ही पाय खाली सोडून कड्यावर बसला होतात. माझ्याकडे न बघता तुम्ही शेजारच्या दगडावर थापटी मारलीत. या वेळी मला कळलं.

पाटीच्या मजकुराबद्दल मी आता काही बोलणार नाही. वाट तुमची आहे. नाव तुम्ही ठेवायचं. तुम्ही आत्याचं ठेवाल असं सगळे धरून चालले आहेत.

तुमची,
भाची


१५ जानेवारी

मुली,

'दाब, ताई' मला ऐकू आलं. ती हाक माझ्यासाठी नव्हती हे मला कळत होतं. तरी तेव्हा दुसरं कोणी तिथे नव्हतं, म्हणून तिच्या वाटचं मी दाबलं.

परवा मंडळात जाऊन नोंद केली. सचिवाने आधीच तिचं नाव लिहायला पेन उघडून ठेवलं होतं. मी म्हटलं, थांब. तिचं नाव दिलं तर पुढची पोरं त्या वाटेला हात जोडतील, चढणार नाहीत. तिला ते आवडायचं नाही. तिला चढलेलं आवडायचं, पडलेलंही चालायचं.

मी वाटेचं नाव 'उशी' ठेवलं आहे.

सचिव म्हणाला, हे काय नाव झालं, एवढा भयंकर कडा. मी म्हटलं, नाव ठेवायचा हक्क कोणाचा? त्याने मुकाट नाव लिहून घेतलं. पाटीवर असं कोरायला सांगितलं आहे: उशी. वाट शोधली पालीने. चढली खिळा. दोर धरला भाचीने. गाद्या भावाच्या. यातला एकही शब्द फुकटचा नाही, म्हणून खाली सही केली आहे. ते चपला घालता घालता बोलणारे सगळे जमव आणि त्या पाटीपुढे उभे कर. हातात काय आलं ते वाचून दाखव, आणि मग मान वर करायला सांग.

हे नाव का, ते तुझ्या बाबांना तू सांग, मला तोंडाने बोलता येणार नाही. ती मागत होती ते त्यांना कळलं नाही, खरं आहे. पण तिने जितक्या वेळा मागितलं तितक्या वेळा ते काहीतरी घेऊन आले. एकदाही रिकाम्या हाताने आले नाहीत. ज्या पलंगावर एवढ्या उशा येतात त्या पलंगावर माणूस कड्याचा विचार करू शकतो. मला वाटतं म्हणूनच तिला सुचलं.

मंडळातल्या पोरांनी लगेच सुरुवात केली. काल एक जण पोटाखालून पडला आणि दोरावर लटकत ओरडला, उशीवरून पडलो. खाली सगळे खो खो हसले. असंच हवं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे येते. तिने सांगितलं होतं, वर पोचलीस की ये. आता दार उघडावं लागेल.

त्या खोलीत थोडा वेळ पडेन म्हणते. उशी नको. बाजूला जागा ठेवा.

खिळा